चक्रातली जागा

बायकोने गेममध्ये नवा मॉड, म्हणजे जादा सोयीची जोडणी, टाकला. डोळ्यांवर हेडसेट चढवून मनगट वळवलं, की हाताभोवती सामानाचं चक्र उमलतं: तलवार, मशाल, दोर. हवं ते झटकन उचलायचं, नको ते टाकून द्यायचं; जागा मोजक्याच.

काल ती हसत म्हणाली, "अहो, चक्रात आपली मनी दिसतेय! उगाच जागा अडवतेय. टाकते."

तेव्हापासून मांजर घरात नाही. तिचं दूध वाटीत तसंच नासलं.

आज मी सोफ्यावर पेपर वाचत होतो.

"अहो, आज तुम्ही आलात चक्रात!"

"काढ तो हेडसेट! मनीचं काय झालं, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की."

मी उठायला गेलो. पाय जमिनीला टेकेनात.

"नवी ढाल मिळालीय," ती म्हणाली, "आणि बाकी सगळं कामाचं आहे."