तिसऱ्याची वाट

“दोनच? मग पट्टीवर टाकते,” मुंबईहून चॅनलची मयुरी म्हणाली. “आकडा वाढला की लगेच कळव. तिसरा गेला तर तुझा फोनो घेऊ.”

फोन ठेवून हर्षल दवाखान्यातल्या बाकावर परत येऊन बसला. सकाळी घाटात जीप उलटली होती. दोघं जागीच गेले. तिसरा आत होता आणि चॅनलचा बातमीदार हर्षल दाराबाहेर.

चॅनलची भाषा तो तीन वर्षांत चांगलीच शिकला होता. मेलेल्या माणसाला आकडा म्हणायचं. नातेवाइकांच्या रडण्याला बाईट म्हणायचं. पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाशी धावणारी ओळ. तिला ना बातमीदाराचं नाव, ना तोंड. आणि फोनो म्हणजे निवेदिकेनं सगळ्या महाराष्ट्रासमोर नाव घेऊन विचारायचं, ‘हर्षल, काय परिस्थिती आहे?’ पडद्यावर फोटो, फोटोखाली नाव. नवा शर्ट घालून काढलेला तो फोटो त्यानं तीन वर्षांपूर्वीच पाठवून ठेवला होता. त्याच्या वाट्याला मात्र आजवर पट्टीच आली. धाड या गावी त्याचे वडील रोज टीव्हीसमोर बसत आणि म्हणत, “लेका, तुयं तोंड कवा दिसीन?”

दर अर्ध्या तासानं तो उठून नर्सबाईंना गाठायचा.

“तिसऱ्याचं काय?”

“अजून काही सांगता येत नाही.”

तो परत येऊन बसायचा. दुपार उलटली, पण तो चहालाही गेला नाही. तेवढ्यात काही झालं आणि दुसऱ्या चॅनलवाल्याला आधी कळलं, तर सगळंच मुसळ केरात.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिंपळगाव राजा या गावची तानुबाई बसली होती. आत होता तो तिचा पोरगा गोविंदा. ती रडत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली.

“गोविंदाचा सोबती का तू?”

हर्षलचा माईक पिशवीत होता. खरं सांगितलं तर इथून उठवतील, असं त्याला वाटलं.

“हाव,” तो म्हणाला.

तानुबाईनं पदराची गाठ सोडली. कागदाच्या पुडीत शेगावचा अंगारा होता. तिनं चिमूटभर त्याच्या कपाळाला लावला.

“तू बी माग, बापू, महाराजाले.”

हर्षलनं डोळे मिटले. मागायचं ते तो सकाळपासून मागतच होता. आत्ताही मनात तेच आलं. त्याला स्वतःचीच भीती वाटली, पण ते आलंच.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि तानुबाईपाशी थांबले.

“आजी, पोरगा वाचला तुमचा. शुद्धीवर आलाय.”

हर्षलच्या मनात पहिला शब्द उमटला तो ‘पट्टी’. खिशातला फोन थरथरला.

“आकडा?” मयुरीनं विचारलं.

“दोनच.”

“सोड मग. ये निघून.”

तो पिशवी उचलून निघणार, तोच तानुबाईनं त्याचे दोन्ही हात धरले.

“सकाळपासून उपाशी बसला रे तू. घडीघडी जाऊन इचारलं. माह्ये तं पायच उचलत नव्हते. सख्खा भाऊ बी इतकं करत नाही कोनासाठी. तू मांगून राह्यला होता, म्हणून महाराजानं आयकलं.”

हर्षलला तिच्याकडे बघवेना. हातही सोडवून घेता येईनात. तो तसाच खाली बाकावर बसला आणि पोरासारखा हुंदके देऊ लागला.

तानुबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

“आता काऊन रडतं, येड्या? वाचला ना आपला गोविंदा.”