चांगली पुंगळी

मोंटानातल्या बंदुकांच्या जत्रेत मी लष्कराने झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या विकतो. लोक त्या घरी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरतात. ऑर्व्हिल दरसाल येतो, बादलीतली एकेक पुंगळी उजेडाला धरतो आणि परत टाकतो.

"ही मशीनगनमधली, ताणलेली. हिच्या मानेला चीर."

"अरे, हेझल वहिनी काल पुन्हा विचारत होत्या, बाग खाणारं ते हरीण तू मारणार कधी?"

"चांगली पुंगळी तर मिळू दे."

"हरीण म्हातारं झालं तुझ्या सफरचंदांवर."

शेवटी वैतागून मीच एक निवडून दिली. तिच्यात खोट म्हणून नव्हती. ऑर्व्हिलने ती खूप वेळ फिरवली, थकल्यासारखं करत जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बुटाची टाच दाबली.

"हीपण चेपलेली निघाली रे. हेझलला तूच सांग."