पावावरचं

डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या प्रेबेनचं सत्तरीत प्रेम जमत होतं. गुनहिल्ड शाकाहारी आहे हे कळताच त्याने तिला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "मी तर मांस फक्त रविवारी खातो." आज ती पहिल्यांदाच घरी जेवायला आली आणि लोणी काढायला तिने फ्रिज उघडला. आत सलामी, हॅम आणि डुकराच्या कलेजीची पेस्ट.

"प्रेबेन, आज बुधवार आहे."

आता ही चालली, असं त्याला वाटलं. "अगं, हे मांस कुठंय? हे तर पावावर घालायचं," तो कसाबसा म्हणाला.

गुनहिल्ड फ्रिजला टेकून हसतच सुटली. डोळे पुसत म्हणाली, "शाकाहारी झाल्यापासून बारा वर्षं माझ्या मुलीला हेच समजावतेय, तिला काही पटत नाही. पाव काप आधी, आणि ही कलेजी मला जरा जाड लाव."