मूठ

उकळत्या पाण्याचं पातेलं लवंडून लेकीचा उजवा हात भाजला होता. जखमा भरत आल्या, पण नवी कातडी आवळत चालली होती. "रोज बोटं ताणायची. रडली तरी सोडायचं नाही, नाहीतर हाताची कायमची मूठ होऊन बसेल," फिजिओथेरपिस्टनं आईला बजावलं होतं. आज आईनं पहिलं बोट धरलं आणि लेकीनं हंबरडा फोडला. "मी खोटं बोलले म्हणून देवानं मला भाजलं ना? आजी म्हणाली, प्रभू शिक्षा केल्याशिवाय राहत नाही." शेजारी बसलेल्या सासूबाईंची पुटपुटती प्रार्थना अर्ध्यावरच तुटली. चर्चमधल्या संडे स्कूलच्या मुलांना त्या वर्षानुवर्षं हेच शिकवत आल्या होत्या. पोरीला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून, कुणाला न सांगता, आईही देवाला हेच विचारत होती, ही शिक्षा आहे का. लेकीचं बोट न सोडता ती म्हणाली, "नाही गं बाळा. पातेलं लवंडलं, तो अपघात होता. देव कुणाला भाजत नाही. तू कितीही रडलीस, तरी तुझा हात पुन्हा उघडेपर्यंत जो सोडत नाही ना, तो देव." हुंदके देता देता लेकीनं जरा विचार केला. "मग त्याला सांग ना, हळू ताण म्हणावं." सासूबाई तोंडावर हात दाबून खोलीबाहेर गेल्या. आईचे डोळे वाहत होते, पण तिनं हळू ताणलं नाही.