कॅमेऱ्यातले आबा

पंकजने एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम टाकल्या होत्या, घरासाठी विंडोज आणि ऑफिससाठी लिनक्स. श्रीगोंद्याच्या घरात बसूनच तो पुण्यातल्या कंपनीचं काम करायचा.

मीटिंग चालू असली की मागून आबा नुसत्या बनियनवर ये-जा करायचे. "आबा, कॅमेऱ्याम्होरं येत जाऊ नका," तो कुजबुजायचा. जन्मभर ऊस तोडलेला बाप त्याला साहेबांच्या नजरेस पडू द्यायचा नव्हता.

एका दुपारी मीटिंग चालू असताना आबा चहा घेऊन थेट त्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले. पंकजने धसकून स्क्रीनकडे पाहिलं. तिथे त्याच्यामागे नुसती भिंत होती.

त्याने वळून पाहिलं. आबा उभेच होते.

घाबरायचं सोडून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी त्याने विंडोज लावून कॅमेरा चालू केला. तिथे आबा दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून मीटिंगच्या वेळी त्याने आबांना अडवणं सोडलं.

रविवारी बहिणीचा, जयमालाचा, व्हिडिओ कॉल आला. पंकजने विंडोजच लावलं होतं. आबा इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून त्याच्या शेजारी बसले.

"दादा, आबा कुठंयत?" जयमालाने विचारलं.

स्क्रीनवर शेजारची खुर्ची रिकामी होती.

"आगं, ह्यो काय मी," म्हणत आबांनी पंकजच्या खांद्यावर हात ठेवला. स्क्रीनवर त्याचा शर्ट खांद्यापाशी दबला. हात दिसला नाही.

"बोलव ना त्यांना," जयमाला म्हणाली.

आबांनी कॉलर नीट केली. "पंकज, मी दिसतोय न्हवं तिला?"

पंकजने मान खाली घातली.

"व्हय, आबा. दिसताय."