चार प्रेक्षक, एक अर्ज

"तुमचा एकही भाग मी चुकवलेला नाही," छकूचे बाबा म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

समोरच्या खुर्चीत भाष्यकार सावरून बसला. त्याच्या ऑनलाइन कार्यक्रमाचे आतापर्यंत दोनशे चौदा भाग झाले होते. प्रत्येकात त्याने एकच सांगितलं होतं: माणसाला मोकळं सोडा. सरकारने रस्ते बांधू नयेत, शाळा चालवू नयेत, परवाने तर मुळीच देऊ नयेत. शेवटी कॅमेऱ्यावर बोट रोखून तो ओरडायचा, "हात काढा!" चार लाख लोक ते बघायचे. त्यांतले चार आत्ता सोफ्यावर दाटीवाटीने बसले होते. त्या चारातल्या एकाने, म्हणजे बाबांनी, एकतीस वर्षं परवाना खात्यात शिक्के मारले होते.

तो छकूला मागणी घालायला आला होता. छकू त्याचे व्हिडिओ कापायची, जोडायची. दोन वर्षं त्याचं प्रत्येक अडखळणं तिने कापून टाकलं आणि त्या कापाकापीत दोघं प्रेमात पडले. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालासुद्धा. पण या घरात बाबांचा नकार म्हणजे नकार. पेन्सिलीने भरला म्हणून सख्ख्या मेव्हण्याचा अर्जही त्यांनी परत केला होता.

प्रेक्षकांची मतं भाष्यकाराला नवी नव्हती. रोज हजारभर यायची. कुणी देव म्हणायचं, कुणी गाढव. नावडतं मत तो अंगठ्याने वर सरकवून टाकायचा. सोफा सरकवता येत नव्हता.

"फोनमध्ये कसा गुटगुटीत दिसतोस," आत्या म्हणाली. "पण बोलतोस काय रे! तुझं ऐकून मी आमच्या लिफ्टमधली 'चारपेक्षा जास्त जणांनी चढू नये' ही पाटी उपटून टाकली."

"मग?"

"मग काय, सातजण अडकलो. दीड तास. पण स्वतःच्या मर्जीने!"

"भाग साठ," छकूचा भाऊ म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं. "चिठ्ठीशिवाय औषधं विकू द्या म्हणालात. एक दिवस माझ्या काउंटरवर उभे राहा. शेजारणीला गुण आला म्हणून नवऱ्यासाठी त्याच गोळ्या मागणारी माणसं येतात. शेजारीण बाळंतीण असते."

"त्याचं काय आहे, स्वातंत्र्य म्हणजे..."

"आणि आम्ही तुला मध्येच तोडलं तर चालतं का?" आई म्हणाली. "तू पाहुण्यांना एक वाक्य पुरं करू देत नाहीस. तेवढं सोडलं तर मला आवडतोस बाई तू."

बाबांनी पान उलटलं. "भाग बारा. परवाना कारकुनाला तुम्ही गोचीड म्हणालात."

"काका, ते सगळ्या खात्याला उद्देशून होतं."

"म्हणजे मी त्यात आलोच."

"हो. म्हणजे नाही. म्हणजे..."

दारात उभ्या छकूने कपाळावर हात मारला. ही जागा कापता येणार नव्हती.

"बोला," बाबा म्हणाले. "कशासाठी आलात?"

भाष्यकार उभा राहिला. छाती अशी धडधडत होती की आत्याला ऐकू गेलं असावं, कारण तिने स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. त्याने डोळे मिटले आणि एका दमात म्हणाला, "काका, छकूशी लग्न करायची परवानगी द्या."

भावाने उशी आवळली. आईने कप बशीत न ठेवता शेजारी हवेत ठेवला आणि तो फुटला. बाबांनी पेनाचं टोपण काढलं, वहीत काहीतरी लिहिलं, खाली सही केली.

"नामंजूर."

"अहो!" आई ओरडली. "दादा!" आत्या ओरडली. फुटलेल्या कपाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"ऐका आधी!" बाबाही ओरडले. "भाग अठ्ठ्याऐंशी. सज्ञान माणसावर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो. बापाचाही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन भिंतीवर आपटला. मग काच बदलून आणली आणि पुन्हा ऐकलं. तीनदा. पटलं मला! एकतीस वर्षांत इतकं काही पटलं नव्हतं. मी कोण परवानगी देणारा? मला अधिकारच नाही. अर्ज चुकीच्या टेबलावर आलाय." त्यांनी पेन दाराकडे रोखलं. "संबंधित टेबल तिथे उभं आहे. तिला विचारलंत का?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग परत भाष्यकाराकडे.

"तिला? तिला म्हणजे... म्हटलं, आधी घरच्यांचं बघावं..."

"दोन वर्षं!" छकू खोलीच्या मधोमध आली. कान लालबुंद झाले होते आणि ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "दोन वर्षं वाट बघतेय, हा कधी विचारतो म्हणून! आता नाही थांबत. मीच विचारते, सगळ्यांदेखत. करतोस का माझ्याशी लग्न?"

भाऊ सोफ्यावर उभा राहिला. आई पदराने डोळे पुसू लागली. आत्याने एवढ्या जोरात टाळी वाजवली की शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकलं. बाबांनी वही मिटून टाकली.

"हो म्हण! हो म्हण रे!" आत्या किंचाळली.

"त्याच्यावर दबाव नको," बाबा दटावून म्हणाले. "त्याला ठरवू दे."

चारही प्रेक्षक श्वास रोखून पुढे वाकले. भाष्यकाराने प्रत्येकाकडे एकेकदा बघितलं. खिशात हात घातला आणि फोन काढला.

"एकच मिनिट हं," तो म्हणाला. "आईला विचारून सांगतो."