बारीक काडतूस

“नेम माझाच चुकला, साहेब. काडतूस तुम्ही लिहिलेलंच होतं, पण गोळी खाऊनही डुक्कर अंगावर आलं,” एक हात गमावलेला मारोतराव झाडे ओशाळून हसला. “घरची म्हणते, वाचून कुणी शिकारी होतं का!” त्यानं पुस्तक सहीसाठी पुढं केलं.

शिकारकथांसाठी गाजलेल्या रावसाहेबांना त्यात आपलंच वाक्य अधोरेखित केलेलं दिसलं : ‘नेम पक्का असेल, तर रानडुकराला बारीक काडतूस पुरतं.’ ते शरमेनं अर्धमेले झाले.

कपाटातल्या, खास घडवून घेतलेल्या रायफलीजवळचं जाडजूड काडतूस त्यांनी मारोतरावाच्या तळहातावर ठेवलं. “मी जन्मभर हेच वापरलं. बारीक नुसतं लिहिलं. त्यात रुबाब वाटायचा,” ते जमिनीकडं बघत म्हणाले.

मारोतरावानं ते तळहातावर तोलून पाहिलं. मग हळूच त्यानं विचारलं, “म्हणजे… माझा नेम चुकला नव्हता?”